ताटीमागून आलेलं रूप

जर्मन शिकण्यासाठी सकाळी आंघोळ करून मांडी घालून बसावं लागतं, हे माझ्याखेरीज नागपुरात आणखी कोणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. पाठ ताठ, डोळे मिटलेले आणि समोर बाबा. बाबा शाळेत संस्कृत शिकवत. जर्मनचा त्यांना गंधही नव्हता. पण तेवढ्यानं मागे सरतील तर ते बाबा कसले!

त्याचं असं झालं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून घरी बसलो होतो. उन्हाळ्यात एका जर्मन कंपनीचे लोक शिकाऊ उमेदवार निवडायला नागपूरला येणार, निवडलेल्यांना थेट जर्मनीला नेणार, पण भाषा बऱ्यापैकी यायला हवी, अशी बातमी आली. संध्याकाळच्या वर्गात जाऊन मी जर्मनची पहिली परीक्षा दिली होती. पुढच्या वर्गाला पुरेशी मुलंच मिळाली नाहीत, म्हणून तो वर्ग निघाला नाही. आणि अवघड क्रियापदं नेमकी त्या वर्गात होती. मी हात टेकले. बाबा मात्र सीताबर्डीवर गेले आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एक जर्मन व्याकरण काढून घेऊन आले.

"धातू तो धातू," ते म्हणाले. "चालवता आला का झालं. साऱ्या शाळेच्या पोरायकून मी संस्कृतचे लकार पाठ करून घेतो, तुह्याकून हे होणार नाई?"

व्याकरण इंग्रजीतून समजावलेलं होतं. बाबांनी ते अथपासून इतिपर्यंत वाचून काढलं. 'असं झालं असतं तर तसं झालं असतं' हे सांगणारी क्रियापदाची रूपं जर्मनमध्ये वेगळी असतात. त्या पानावर आल्यावर तर ते आनंदानं उठून उभेच राहिले.

"अवं, हा तर आपला संस्कृतचा लृङ्!" त्यांनी स्वयंपाकघरात ओरडून आईला सांगितलं.

"बरं झालं," आई म्हणाली. "आता जेवाले या."

दुसऱ्या दिवसापासून लृङ् सुरू झाला. मी गेलो असतो, तू गेला असतास, तो गेला असता: "इश वेरे गेगांगन, डू वेरेस्ट गेगांगन, एर वेरे गेगांगन." चाल शाळेतल्या रूपावलीचीच. शेवटचं अक्षर लांबवायचं, मग श्वास घ्यायचा, की पुढचं रूप. 'तुम्ही गेला असतात' या रूपावर मी दर वेळी अडकायचो. अडकलो की बाबा ते रूप खणखणीत आवाजात पुरवायचे आणि गाडी पुढे जायची. पाठांतरात कोणी अडला तर ऐकणाऱ्यानं पुढचा शब्द द्यायचा, ही त्यांच्या लेखी साधी माणुसकी होती.

लाजेनं मी अर्धा व्हायचो. भिंतीपलीकडे धंतोलीतल्या एका दवाखान्याचा कंपाउंडर राहायचा. तो नळावर सगळ्यांदेखत विचारायचा, "काय गा, जर्मनच्या देवाले प्रसन्न करून राहिले का?" बायका तोंडाला पदर लावायच्या. वर्गातल्या बाई जर्मन कसं बोलायच्या, ते मी ऐकलं होतं. त्यात असली चाल नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण बाबांना सांगणार कोण? आणि खरं सांगायचं तर रूपं पाठ होत होती. पंधरवड्यात मी झोपेतसुद्धा चुकलो नसतो. त्या एका रूपाखेरीज.

मुलाखत मे महिन्यात सिव्हिल लाइन्समधल्या एका गेस्ट हाउसात होती. एकट्यानं जावं म्हणून मी हरतऱ्हेनं सांगून पाहिलं. बाबांनी धुतलेलं धोतर, त्यावर कोट, डोक्यावर टोपी चढवली आणि माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसले. "मी भाईर बसतो," ते म्हणाले. "मले अंदर येऊन काय करायचं हाये?"

खोलीला दार होतं, पण ते उघडंच ठेवलेलं. त्यावर वाळ्याची ओली ताटी लावलेली. ताटीपलीकडे व्हरांड्यातल्या बाकावर बाबा. आत दोघं जण होते: कंपनीचे मुंबईचे टायवाले अधिकारी आणि नागपूरच्या उन्हानं लालबुंद झालेले जर्मन साहेब. अधिकाऱ्यांनी इंग्रजीत लेथ मशीनबद्दल विचारलं, ते जमलं. मग साहेब माझ्याकडे वळले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, "आज तुम्ही इथे कसे आलात?"

प्रश्न मला समजला. सायकलनं आलो, एवढंच सांगायचं होतं. मी मनात क्रियापद उचललं आणि त्याचं कोणतं रूप घ्यावं ते शोधायला लागलो. सगळी रूपं एकदम अंगावर आली. साहेब वाट बघत होते. मग माझं डोकं थांबलं आणि तोंड आपणहून सुरू झालं. "इश वेरे गेगांगन, डू वेरेस्ट गेगांगन..." चालीसकट! शेवटचं अक्षर लांबवून! मला ते ऐकू येत होतं आणि थांबवता येत नव्हतं. साहेबांनी टेबलावर हात जुळवले. त्यांना ती प्रार्थना वाटली असावी. मी 'आम्ही'पर्यंत पोचलो आणि नेहमीच्या जागी अडकलो.

"ईर वेरेट गेगांगन!" ताटीमागून खणखणीत आवाज आला.

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. अधिकारी रुमालात तोंड लपवून हसत होते. साहेबांनी उठून स्वतःच्या हातानं ताटी बाजूला केली आणि बाबांना आत बोलावलं. बाबांनी चपला बाहेर काढल्या, अनवाणी आत येऊन नमस्कार केला. साहेबांनी खुणेनं विचारलं, हे तुम्ही शिकवलं? बाबांनी मान डोलवली. मग साहेब त्यांच्याकडे बघत जर्मनमध्येच बरंच बोलले. आवाजात चेष्टा अजिबात नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं.

"काय म्हणून राहिले गा साहेब?" बाबांनी मला विचारलं.

साहेब म्हणाले होते, "याची रूपं सगळी बरोबर आहेत. पण माणूस माणसाशी असं बोलत नाही. मी याला एक साधी गोष्ट विचारली, ती याला सांगता आली नाही."

"ते म्हणतात, रूपं सगळी बरोबर आहेत," मी सांगितलं.

बाबांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. त्यांनी साहेबांना पुन्हा नमस्कार केला. टायवाल्यांना जर्मन कळत होतं. ते आता हसत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते.

घरी येईपर्यंत बाबा कॅरिअरवरून बोलत होते. आईला त्यांनी चपला काढता काढताच सांगितलं. कंपाउंडरला हाक मारून बोलावलं आणि त्यालाही सांगितलं, "साहेबानं सारी रूपं बरोबर म्हणली." तो बिचारा "वा मास्तर" म्हणाला आणि गेला. आई चहा टाकायला आत गेली. बाबांनी कोट काढून खुंटीला लावला आणि माझ्यासमोर बसले.

"साहेब तर लय बोलले," ते हळू आवाजात म्हणाले. "तू येवढंसंच सांगतलं. उरलेलं काय होतं?"

त्यांचा तो हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझ्यानं खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं.

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"साहेबानं काय इचारलं, ते तुले समजलं होतं?"

"समजलं होतं."

"मंग सांगता काहून नाई आलं?"

मला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्यांना आता काय वाटणार आहे याची भीती वाटत होती. आत आई पेल्यांमध्ये चहा गाळत होती.

"मंग इतके वर्षं," बाबा म्हणाले, "शाळेतल्या पोरायले मी काय शिकवून राहिलो गा?"

हे ते वैतागून बोलले नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. सुटी संपली की शाळा उघडणार होती, आणि त्यांच्या निवृत्तीला अजून पुष्कळ वर्षं होती.