उना पिन्सेंटने कशाचे आभार मानले

माणूस फार सभ्य आहे एवढ्यावरून त्याची रोजची वाट हिसकावून घेता येते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला नव्हतं. कायदा मी ग्रंथालयात बसून शिकले, फुकटात. पण ही मेख मला उना पिन्सेंटच्या पायी कळली.

उना राहते एक्सेटर शहराच्या वेशीवर, कॉम्बली गावात. कॅथेड्रलचे दोन्ही मनोरे तिच्या स्वयंपाकघरातून दिसतात. पर्यटक मनोऱ्यांचे फोटो काढून परत जातात, आमच्याकडे कोणी फिरकत नाही. आमच्याकडे काय आहे? महायुद्धानंतर दहा वर्षांपुरती म्हणून उभी केलेली बैठी घरं, अजून माणसांनी भरलेली. व्हॉड्री शेतकऱ्याचं जाड मातीच्या भिंतींचं जुनं कोठार. आणि त्यापलीकडे हिरव्या पत्र्याचं छोटं प्रार्थनाघर, आमचं चॅपल, वीटभट्टीच्या कामगारांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः ठोकून उभारलेलं.

चॅपलची किल्ली उनाकडे. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिने उभी हयात चादरी उकळल्या. नवरा गेल्यापासून, वीसहून अधिक वर्षं, रोज सकाळी ती चॅपलची शेगडी पेटवते, सूप ठेवते. बैठ्या घरांतली एकटी माणसं काठ्या टेकत येतात. येतात कुठून? कोठाराच्या अंगणातून. दुसरा रस्ता म्हणजे ट्रकांचा हमरस्ता, कडेला पाऊल ठेवायला जागा नाही.

म्हातारा व्हॉड्री वारला, भाच्याने कोठार विकलं. घेणाऱ्या कंपनीला तिथे महागडी घरं करायची आहेत. तिने अंगणाला फाटक लावलं आणि वर कुलूप घातलं. वाट गेली की माणसं येणार नाहीत, माणसं आली नाहीत की चॅपलला टाळं, आणि टाळं लागलेला पत्रा किती दिवस उभा राहू देतील?

आम्ही वाटेवर हक्क सांगितला. कायदा असा, की लोक वीस वर्षं उघडपणे, न भांडता, न विचारता एखाद्या वाटेने गेले तर ती वाट लोकांची. विचारून गेले, तर ती मालकाची मेहेरबानी. आज आहे, उद्या नाही.

न विचारता! आणि आमची साक्षीदार कोण, तर उना. ही बाई दाराला धडकली तर दाराला ‘सॉरी’ म्हणते.

“एक लक्षात ठेव,” मी तिला बजावलं, “सुनावणीत व्हॉड्रीचे आभार मानल्याचं बोलायचं नाही. आभार मानले म्हणजे परवानगी होती असं धरतील.”

“खोटं बोलू म्हणतेस?”

“खोटं नको. गप्प बस.”

“गप्प बसायला मला कशाला नेतेस, पोरी? माझा कोट ने.”

सुनावणी गावच्या हॉलमध्ये होती. कंपनीचा वकील तरुण, गोड बोलणारा. त्याने आधी उनासाठी खुर्ची ओढली.

“थँक यू,” उना म्हणाली.

पाण्याचा ग्लास दिला. “थँक यू.” खिडकी लावून घेतली. “थँक यू हं.” हा मेला सापळा लावत होता आणि ती एकेक पाऊल आत टाकत होती.

“मिसेस पिन्सेंट, तुम्ही सगळ्यांचेच आभार मानता.”

“आईने तसंच वाढवलं. तुमच्या आईनेही वाढवलंय की.”

“अंगणात मिस्टर व्हॉड्री भेटायचे?”

“रोज.”

“काय म्हणायचे?”

“‘अजून पडली नाहीस का, लाडके?’”

हॉल हसला. व्हॉड्री पोस्टमनलाही लाडके म्हणायचा. वकीलही हसला, आणि हसता हसताच त्याने विचारलं, “आणि तुम्ही कधी त्यांचे आभार मानलेत?”

उनाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“मानले,” ती म्हणाली. “कितीदा तरी.”

वकिलाने पेनाचं टोपण लावलं. झालं, असं मला वाटलं. पण सुनावणी घेणाऱ्या बाईंनी चष्मा काढला. “कशाबद्दल मानलेत, मिसेस पिन्सेंट?”

“रुबार्बबद्दल. माझ्यासाठी त्या आंबट देठांची जुडी भिंतीवर ठेवायचा. पुडिंग करून मी अर्धं त्यालाच द्यायची.”

“आणि वाटेबद्दल?” वकील घाईने म्हणाला.

“वाटेबद्दल?” उना खरंच गोंधळली. “वाट काय त्याने पिकवली होती?”

मला टाळ्या वाजवायच्या होत्या. हात मांडीखाली दाबून बसले.

पण एवढ्याने वाट मिळालेली नाही. बाईंनी स्पष्ट सांगितलं: एकट्या बाईचं जाणं-येणं पुरेसं नाही, गाव जात होतं हे गावाने सांगायला हवं. सुनावणी गुरुवारपर्यंत पुढे गेली आहे. तोवर उना हमरस्त्याच्या कडेने, ट्रकांच्या वाऱ्यात टोपी धरून, शेगडी पेटवायला जाते. बाकीच्यांना ती येऊ देत नाही. एकटीच जेवते आणि परत येते.

तेव्हा तुम्ही कोठाराच्या अंगणातून कधी गेला असाल, सूप प्यायला, कुत्रा फिरवायला, नाहीतर कोणाला चोरून भेटायला, तर गुरुवारी हॉलमध्ये या आणि तेवढं उभं राहून सांगा.