खिशात काय ठेवतात?

माझी आत्या नाटकमंडळीत कपडे शिवते. रंगमंचामागच्या जिन्याखाली तिची खोली आहे. एक मशीन, एक आरसा आणि आत्याची बडबड, एवढ्यातच ती भरते. नाटकातल्या पात्रांना आत्या अहो-जाहो करते. "चोर आले का? त्यांची कंबर मोजायचीय," असं नटाच्या तोंडावर म्हणते. आणि कापड कापण्याआधी हटकून विचारते, "हे खिशात काय ठेवतात?" लोक हसतात. हसोत बापडे!

नव्या नाटकात मात्र एका पात्राला नावच नव्हतं. नुसतं 'ते'. ते येतं, ते दाराशी बसतं, घरमालक त्याला ढकलून देतो, संपलं. हे काम तिकीटखिडकीवरच्या बाईंना मिळालं होतं. बावीस वर्षं लोकांना त्यांचे फक्त हात दिसले होते. एकदा तरी रंगमंचावर उभं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा.

"त्याला कसले कपडे? गोणपाट गुंडाळा," दिग्दर्शक म्हणाला.

"गोणपाट बटाट्यांना. हे कोण आहेत ते सांगा," आत्या म्हणाली.

"कोणीच नाही. ते नुसतं असतं."

पहिल्या प्रयोगाच्या वेळी तिकीटबाई गोणपाट गुंडाळून आरशापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांचा बांधच फुटला. "मी नाही जात! एवढी वर्षं वाट बघितली ती यासाठी?" पहिला अंक सुरू झाला होता आणि दुसऱ्यात त्यांना जायचं होतं.

आत्याने टेप गळ्यात अडकवली. "रडा नंतर. नाटकातल्या या बाई खिशात काय ठेवतात?"

तिकीटबाईंनी नाक पुसलं. म्हणाल्या, "किल्ली. घर गेलं तरी किल्ली कोण टाकतंय?"

"मग खिसा खोल हवा!"

मशीन जे सुटलं! जुना तपकिरी कोट उसवला, खांदे आत घेतले, खोल खिसा लावला. मी बटणं लावत होते. बोटात सुई घुसली तरी थांबले नाही. दुसऱ्या अंकाची घंटा आणि शेवटचा टाका एकदमच पडला. आत्याने आमच्या घराची किल्ली त्या खिशात टाकली.

आम्ही धावत विंगेत गेलो. बाई आल्या, एक हात खिशात. घरमालक तावातावाने अंगावर गेला आणि कोटाकडे बघून थबकला. ढकलायचं विसरून चक्क बाजूला झाला. बाई दाराशी बसल्याच नाहीत. त्यांनी किल्ली काढली आणि सवयीच्या हाताने दाराच्या कुलपाला लावली.

मग असा काही टाळ्यांचा कडकडाट, की मी आत्याचा हातच धरला!

आमच्या शेजारी दिग्दर्शक कपाळावर हात मारून उभा होता. "अहो," तो पुटपुटला, "म्हणजे घर त्यांचं होतं!"

"तेच तर विचारत होते," आत्या म्हणाली, "कोण आहेत म्हणून."