हेवादावा नाही

"पांढरा शर्ट घालून फिरायला तू काय ट्राफिक हवालदार हाय का रं?"

असं म्हणून तो शिपाई स्वतःच हसला. खिडकीतून हात आत घालून त्यानं चावी आधीच काढून घेतली होती. त्याचं वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. माझं पंचेचाळीस. शेजारच्या सीटवर माझी मुलगी, प्रज्ञा. मांडीवर मार्कशीटची फाइल. कर्जतच्या कॉलेजात तिचं ॲडमिशन घ्यायचं होतं, म्हणून सकाळी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. पिकअपच्या हौद्यात पाण्याचे जार. कॉलेजचं काम उरकून पुढं ते कळंबच्या रिसॉर्टवर उतरवायचे होते.

भाड्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हरनं खाकी शर्ट घालायचा, हा नियम. मला माहीत होता. खाकी शर्ट सीटमागं घडी करून ठेवला होता. कॉलेजातून बाहेर पडलो की घालणार होतो. तो काढून दाखवला.

"दाखवतोस काय? घाल."

"घालतो ना साहेब. गाडीत बसून..."

"हितंच. माझ्यासमोर."

दुपारची वेळ. फाट्यावर वडापावची गाडी, रिक्षांची रांग, एसटीला थांबलेल्या बाया. मी बटणं काढली. बनियनला काखेत भोक होतं. पांढरा शर्ट हातात धरून उभा राहिलो, कुठं ठेवावा ते कळेना. शिपाई म्हणाला, "दे की पोरीकडं." प्रज्ञानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि शर्ट घेतला. माझ्याकडं न बघता.

आणि मी हसलो.

हे एक वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. शर्ट बदलायला लावला, त्याची लाज होती. पण बदलताना मी दात काढून "हां साहेब, चुकलंच माझं" म्हणालो, ती लाज वेगळी. ती कुणी लावली नव्हती.

मग त्यानं लायसन वाचलं. आडनाव वाचलं. मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि "हं" म्हणाला. आजकाल तोंडानं काही बोलत नाहीत. नुसतं हं. आमच्या बुद्धवाड्यातल्या कुणालाही ते हं झोपेतसुद्धा ओळखू येईल. नंतर म्हणाला, "ए जारवाल्या, एक जार उतरव तिकडं सावलीत." मी उतरवला. एवढ्यात एक काळी मोठी गाडी आली. काचाही काळ्या, नंबरप्लेटवर नंबर कमी आणि नक्षी जास्त. काच चार बोटं खाली झाली. शिपायानं सलाम ठोकला. काच वर गेली.

कुठला फाटा ते लिहीत नाही. खालापूर-कर्जतकडं गाडी चालवणाऱ्याला सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही.

चावी अजून त्याच्या खिशातच होती, तेव्हा दीपकची इको व्हॅन आली. दीपक माझ्या चुलत भावाचा मुलगा. लोधिवलीच्या अलीकडं आमची वस्ती, तिथं त्याचं घर माझ्या घराला लागून. बाप लवकर गेला. गाडी चालवायला मीच शिकवली त्याला, क्लच कसा सोडायचा इथपासून. तो मोहोपाड्याच्या एका कंपनीचा स्टाफ ने-आण करायचा. त्याच्याही अंगात खाकी नव्हता. निळा टीशर्ट होता.

शिपाई त्याच्याही चावीला हात घालायला गेला. दीपकनं चावी मुठीत धरली. आवाज चढवला नाही. म्हणाला, "चावी काढू नका, साहेब. तो अधिकार तुमाला नाय. मशीन काढा, चलन मारा. माझी चूक हाय, मी भरतो."

शिपाई थांबला. दीपककडं बघितलं. मग मशीन काढलं, फोटो मारला, आणि म्हणाला, "अहो, पुढं घ्या गाडी. ट्राफिक होतंय."

अहो.

मग माझीही चावी परत मिळाली. प्रज्ञानं शर्ट घडी करून फाइलवर ठेवला होता. कॉलेजच्या गेटाशी उतरताना एकच म्हणाली, "पप्पा, दीपकदादासारखं बोलता येतं ना. मग?"

मी म्हणालो, "त्याचं वय हाय. माझ्यावर घर हाय." खोटं होतं. घर त्याच्यावरही होतं. आई होती, बहीण होती.

त्या दिवसापासून मला दीपक बघवेना. सकाळी तो इको धुवायचा, पाइपानं टायर धुताना गाणं म्हणायचा, ते ऐकवेना. वस्तीतली पोरं लायसनचं, परमिटचं विचारायला त्याच्याकडं जायला लागली. पूर्वी माझ्याकडं यायची. रिक्षास्टँडवर कुणीतरी म्हणायचं, "आपला दीपक्या लय शिकलेला वाटतो रं," आणि मी म्हणायचो, "बारावी नापास हाय तो." कुणी विचारलेलं नसताना. घरात प्रज्ञा 'दीपकदादा' म्हणाली की माझा घास फिरायचा तोंडात. माझी मुलगी माझ्यावर हसली असती तर सोसलं असतं. ती दुसऱ्या कुणाला तरी मान देते, हे सोसवेना.

एक गोष्ट मला आजही कळत नाही, म्हणून ती लिहितोच. काळ्या गाडीवाल्याचा हेवा मला कधी वाटला नाही. त्याला सलाम मिळाला, तो मला नैसर्गिक वाटला. ऊन पडतं तसा. जळलो ते दीपकवर. ज्याला माझ्याइतकाच त्रास होता, ज्याचं आडनाव वाचूनही तेच हं निघायचं, त्याला फक्त एक अहो मिळालं तर माझ्या पोटात आग पडली. आमच्यासारख्यांना वाकवायला शिपाई लागतो. एकमेकांना पाडायला नाही लागत. ते आम्ही फुकट करतो.

दीड-दोन महिन्यांनी त्याच फाट्यावर माझी पिकअप थांबवली होती. पुढं दीपकची इको. या वेळी शिपायानं त्याला बोलायची संधीच दिली नाही. हात घातला आणि चावी खेचली. दीपक खाली उतरला, मोबाइल काढून शूटिंग करायला लागला. डावा हात पाठीमागं. मी नीट बघितलं, कारण मी त्याच्याकडंच बघत होतो. हात उगारला असं कुणी म्हणू नये म्हणून त्यानं मुद्दाम तो पाठीमागं धरला होता. शिपायानं मोबाइल हिसकला. तो हातातून निसटून रस्त्यावर पडला. फुटला. तो उचलायला शिपाई वाकला आणि गुडघ्यावर आपटला. आपला आपण. दीपक दोन पावलं लांब होता.

"ढकलतो काय रं, भडव्या!" शिपाई ओरडला.

दीपकला जीपमध्ये घातलं. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. अर्ध्या तासानं तिथले जमादार माझ्या खिडकीशी आले. पिकल्या मिशांचा, शांत बोलणारा माणूस.

"अहो, या ना. बसा. चहा घ्या."

सावलीत प्लास्टिकची खुर्ची. मला दिली. ते स्वतः उभे राहिले.

"तुम्ही बघितलंत ना सगळं?"

मी मान हलवली.

"तुमच्याच वस्तीतला ना पोरगा? मग तर बरंच झालं. उद्या त्याचा वकील म्हणेल, जातीवरून अडकवलं. तुमच्यातल्याच माणसाची सही असली की तोंड बंद."

त्यांनी काही लपवलं नाही. मला कशाला वापरतायत ते माझ्या तोंडावर सांगितलं. मला समजलंही. मला दम दिला नाही, लायसन काढून घेतलं नाही, हात लावला नाही. नाही म्हणालो असतो तर फार तर एक चलन बसलं असतं. जबाब त्यांनीच लिहिला. मी वाचला नाही. सही केली. चहा प्यालो, गोड होता. आणि खरं सांगतो, त्या घटकेला मला बरं वाटलं. आता बघू, मशीन काढा म्हणतो का.

दीपकवर सरकारी कामात अडथळा आणल्याची, शिपायाला मारहाण केल्याची केस लागली. तिसऱ्या दिवशी जामीन झाला. पण कंपनीला ड्रायव्हरचा पोलिसांचा दाखला लागतो. केस असलेल्याला तो मिळत नाही. स्टाफ ने-आण करायचं काम गेलं. हप्ते थकले, इकोही गेली. तो आता चौक गावात एका टायरवाल्याकडं पंक्चर काढतो.

मला त्यानंतर फाट्यावर कुणी थांबवलं नाही. लांबूनच हात हलवायचे, चल, चल. खाकी असो-नसो. मी पण हात करायचो. दोन-तीन महिने मला ते आवडलं. हेही लिहून ठेवतो.

तेव्हा सुमनवहिनी आल्या होत्या, दीपकची आई. उंबऱ्याशीच बसल्या. म्हणाल्या, "भावजी, तुमची गाडी मागंच हुती म्हणं. तुमी सांगा ना कोर्टात. माझा पोरगा हात नाय उगारायचा. तुमाला तर ठावं हाय."

मी म्हणालो, "बघू, वहिनी."

त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. माझ्यापुढं.

चार्जशीटची नक्कल दीपकच्या हातात पडली, त्या संध्याकाळी तो आला. आत नाही आला. अंगणातून म्हणाला, "काका, दोन नंबरचा साक्षीदार तुमी हाय. खरं का?"

"हाय."

"सही करताना शर्ट कुठला घातलेला, काका? खाकी का पांढरा?"

शिवी दिली असती तर चाललं असतं. प्रज्ञा दारात उभी होती. तिला तेव्हाच कळलं. ती आत गेली. त्या दिवसापासून ती मला जेवायला वाढते, औषधाची आठवण करते, पप्पाही म्हणते. विचारत काही नाही. दीपकचं नावही आमच्या घरात निघत नाही. मला हवं होतं तसंच झालं सगळं.

मागच्या आठवड्यात मला समन्स आलं. येत्या सोमवारी साक्ष. दुसऱ्या दिवशी फाट्यावर हात हलला नाही. गाडी बाजूला घ्यायला लावली. तोच शिपाई. आता जरा अंगानं भरलाय. खिडकीतून एक झेरॉक्स दिली.

"काका, एवढं पाठ करा. वकील विचारंल तसं सांगायचं. गडबड नको."

माझाच जबाब. तीन वर्षांत पहिल्यांदा वाचला. 'मी स्वतः समक्ष पाहिले की', 'दोन्ही हातांनी ढकलून', असं सगळं. ते मला अपेक्षित होतं. शेवटून दुसरी ओळ अपेक्षित नव्हती. 'सदर आरोपी हा माझ्या गावातील असून माझे व त्याचे कोणतेही वैर अथवा हेवादावा नाही.'

ही ओळ ते सगळ्यांच्या जबाबात घालत असतील. सवयीनं. लिहिणाऱ्याला काय माहीत. पण तिच्याखाली माझी सही. मी ती ओळ चार वेळा वाचली. ढकललं, हे त्यांचं खोटं होतं. ही ओळ माझी. हिच्यामुळंच तर वरच्या सगळ्या ओळी उभ्या होत्या.

कागद परत दिला. "हे मी बोलनार नाय."

"म्हंजे?"

"त्यानं ढकललं नाय. तुमी आपले आपण पडला."

शिपायाचं तोंड बघण्यासारखं झालं. "मग सही कशाला केली रं तू?"

या तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. जमादारानं नाही, वहिनींनी नाही, दीपकनं नाही. मुलीनं नाही. विचारलं त्यानं.

त्याचा हात आत आला, चावीकडं. मी चावीवर हात ठेवला. म्हणालो, "चावी काढू नका. मशीन काढा. चलन मारा."

"भाषा शिकला का आता?"

"शिकलो. उशिरा."

त्यानं चलन मारलं. खाकी नाही म्हणून, साइडलाइट फुटला म्हणून, अजून कशाकशासाठी. खोटं एकही नव्हतं. मी बसून राहिलो. हसलो नाही.

काल दीपकच्या वकिलांना भेटलो. तरुण आहेत, भले आहेत. म्हणाले, सरकारी वकील तुम्हाला फितूर म्हणून उलटतपासणी घेतील. खोटा जबाब दिला म्हणून तुमच्यावरही केस होऊ शकते. "तुम्ही एक करा. पोलिसांच्या दबावाखाली सही केली म्हणा. कोर्टाला ते पटतं. दीपकलाही फायदा, तुम्हीही सुटाल."

मी विचार केला. सोपं होतं. अर्धं जग मानेल. आमच्यासारख्यावर दबाव असणारच, असं जजसाहेबांनाही वाटेल. पण मग ती एक ओळ तशीच राहील कागदावर. कोर्टात जाऊन मी तीच पुन्हा म्हटल्यासारखं होईल.

"दबाव नव्हता," मी म्हणालो. "मी त्याच्यावर जळत होतो."

"असलं रेकॉर्डवर आणू नका हो. तुमचंच हसं होईल."

"होऊ द्या."

दीपक बाहेर बाकावर बसला होता. हातांना ग्रीसचे डाग. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. बघावं म्हणून मी हे करत नाही. सुमनवहिनींनी माफ करावं म्हणून नाही. प्रज्ञानं पुन्हा आधीसारखं बोलावं, असं मनात येतं. पण ते मागायचा हक्क मी त्या सहीबरोबर देऊन टाकलाय. इको परत येणार नाही. तीन वर्षं परत येणार नाहीत.

सोमवारी शपथ घेऊन सांगणार. त्याचा हात पाठीमागं होता. त्यानं ढकललं नाही. मी बघितलं आणि तरी सही केली. का केली विचारतील, तेव्हा जे आहे तेच सांगणार, माझ्या तोंडानं. जी कलमं लागतील ती लागू देत.

अकरा वाजता पुकारा आहे. पिकअप घरी ठेवणार, आठची एसटी धरणार. वाटेत मला कुणी थांबवायला नको.