दुसरा ऊ

माझं लग्न एका उवेमुळं झालं.

लोकांची पत्रिका जुळते, आमची ऊ जुळली. मराठीत याहून लहान शब्द मला माहीत नाही आणि याहून लहान जनावरानं कुणाला एवढं नाचवलं असेल असंही वाटत नाही. हा शब्द कुठून आला म्हणाल, तर ती चावली की माणूस 'ऊ' करतो, तेच तिचं नाव पडलं, असं आमच्या आईचं मत होतं. मी दुसरीत शाळा सोडली, त्यामुळं आईचं मत खोडून काढण्याइतकी अक्कल मला कधी आली नाही.

लढाईचे दिवस होते. साबण महाग, रॉकेल कंट्रोलात. त्यात बहीण माहेरपणाला आली आणि तिच्या पोरी माझ्याच वाकळेत झोपल्या. पोरी गेल्या, उवा राहिल्या. (बहिणीनं विसरलेली ही एकच वस्तू, जी न्यायला कुणी परत आलं नाही.)

नेमकं तेव्हाच जामखेडकडचं स्थळ आलं. पोरगी उमा, आईबाप नसलेली, मामानं वाढवलेली. मामा सातवी पास आणि स्वच्छतेचे मोठे भोक्ते. नखात माती दिसली म्हणून त्यांनी एक नवरदेव ओसरीवरूनच परत लावला होता. मला तोवर सगळीकडून नकारच आले होते, पण ते तोंड बघून. डोक्यापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. आमचे वडील, आबा, म्हणाले, हे स्थळ गेलं तर पुढं विचारायला कुणी उरलं नाही.

आईनं सकाळीच सीताफळाच्या बिया वाटून माझ्या डोक्याला थापल्या आणि वर आबांचा फेटा आवळून बांधला.

"हे बघ दगडू, जीव गेला तरी फेटा काढायचा न्हाई. आन खाजवायचं तर मुळीच न्हाई."

"आन लईच खाजलं तर?"

"तर रामराम करायचा. हात वर न्यायला निमित्त हुतं."

बैलगाडीत घाम फुटला आणि बियांचं पाणी डोळ्यांत उतरलं. पोचेस्तवर डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे झाले. मामांनी माझ्याकडं बघितलं, मग आबांकडं.

"पाव्हणं, पोरगा काय घेतो बितो का?"

"चहाबी घेत न्हाई," आबा म्हणाले.

"मग रडतोय का?"

"रामराम मामा," मी म्हणालो. फेट्यात एकीनं चाल केली होती. घटकाभरानं पुन्हा रामराम. मग परत. मामा दर वेळी हात जोडत होते. शेवटी दमले.

"झालं की आता, पाव्हणं. मी काय देव हाय का?"

मग त्यांनी पाटी मागवली. "आमची पोरगी तिसरी शिकल्याली हाय. जावयाला निदान तिचं नाव तरी लिहिता आलं पायजे."

उमा दाराआड उभी होती. लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता.

उ दोन असतात, एवढं मला आठवत होतं. पहिला लहान, दुसरा मोठा. आता जिला बायको करायची, तिला लहान कसा द्यायचा? मानानं मोठा दिला. ऊमा.

मामा चष्मा लावून वाकले. पाटी माझ्या मांडीवर, त्यामुळं त्यांचं नाक माझ्या फेट्याला टेकलं.

"हा ऊ कुठनं आणला?"

ऊ दिसली म्हणायची!

"बहिणीच्या पोरींकडनं," मी खरं ते सांगून टाकलं.

"त्या शिकवत्यात व्हय तुमास्नी?"

"न्हाई, एका वाकळंत निजलो हुतो."

मामांनी चष्मा पुसला. "बरं, पर दुसरा कशापायी घेतला? पहिला पुरे हुता की."

मी चक्रावलो. ऊ तर बाईमाणूस, आणि हे 'पहिला, दुसरा' म्हणतायत! पण शिकलेल्या माणसाला नर-मादी लांबूनही कळत असेल, असं मी धरलं.

"मुद्दाम न्हाई घेतला मामा. एक असतो तिथं दुसरा येतोच."

"आदी पुसून टाका बघू."

मी फेटा काढला.

आबांनी डोळे मिटले. बियांची पूड भसकन पाटीवर सांडली, आणि तिच्याबरोबर एक गलेलठ्ठ बाई उतरली. पाटीवर इकडं तिकडं बघत ती चालत गेली आणि मी काढलेल्या ऊच्या शेपटात जाऊन थांबली.

दाराआडून आवाज आला, "मामा, आता दोन झाल्या की. एक काढल्याला, एक आल्याली."

मामा उडी मारून भिंतीला लागले. काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी विद्या काढली. "संस्कृतात हिला यूका म्हणत्यात. यूका झिजत झिजत तिची ऊ झाली."

"झिजल्याली कुठं दिसती," आबा उठत म्हणाले, "चांगली पोसल्याली हाय. चल दगडू, गाडी जुंप."

तेवढ्यात उमा बाहेर आली. तिनं पाटी घेतली, अंगठ्याच्या नखानं त्या बाईचा निकाल लावला, पदरानं माझा मोठा ऊ पुसला आणि लहान उ काढला. मग म्हणाली, "मामा, त्यांचं डोळं दारूनं न्हाई, सीताफळाच्या बियांनी लाल झाल्यात. पोळ्याला तुमच्या डोक्याला मीच चोळल्या हुत्या, इसरला का?"

मामांचा हात आपसूक डोक्याकडं गेला. मी लगेच रामराम केला.

"बसा पाव्हणं," मामा हळूच म्हणाले. "सुपारी फोडू."

पुढं जन्मभर उमा दर बाजाराच्या दिवशी मला पायरीवर बसवून डोक्यातून फणी फिरवायची. केस गेले तरी फिरवायची.

"आता काय हुडकतीस?" मी विचारायचो.

"दुसरा," ती म्हणायची.

गेल्या साली ती गेली. घर खायला उठतं, दुसरा शब्द नाही. नगरला तिचा फोटो मोठा करून आणला. खाली नाव मीच लिहून दिलं, रंगाऱ्यानं तसंच उतरवलं. लेक म्हणाली, "बापू, आईच्या नावात पहिला उ असतो." म्हटलं, असू दे, मानाचा आहे. पुसायचा असेल तर तिनं यावं.

आता रोज उदबत्ती लावताना डोकं खाजतं. टकलावर काही नाही, हे मला ठाऊक आहे, तरी हात वर जातो. येणारेजाणारे म्हणतात, म्हातारा बघा कसा, रोज बायकोला रामराम करतो.