दोन सीटची गाडी

त्याला सगळे कानसेन म्हणत. हे नाव ठेवलं एका टॅक्सीवाल्याने. टॅक्सी दुकानासमोर येऊन थांबायच्या आतच ह्या माणसाने काउंटरवरून सांगितलं होतं, की डाव्या दाराच्या आत एक स्क्रू सुटून फिरतोय. दार उघडलं आणि खरंच स्क्रू निघाला. ह्याला आता तीस वर्षं झाली. तेव्हापासून त्या रस्त्यावर गाड्यांत स्पीकर बसवणारी पाच दुकानं निघाली, त्यातली दोन बंदही पडली, पण कानसेन एकच राहिला. त्याच्या दुकानावर पाटी होती, 'खडखड आली तर गाडी परत आणा.' पाटीला दोनदा नवा रंग दिला होता. गाडी एकही परत आली नव्हती.

आता भानगड अशी, की गेलं दीड वर्ष कानसेनला बारीक आवाज ऐकू येत नव्हते. ट्रक, हातोडा, माणसांचं बोलणं हे सगळं यायचं, आणि गाण्यातला खालचा ठोका तर पूर्वीसारखाच छातीत बसायचा. पण दाराची बेल, कुकरची शिट्टी, प्लास्टिकवर प्लास्टिक घासलं की येणारी किरकिर हे एकेक करून कधी निघून गेलं ते त्याला कळलंही नाही. त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोला तर नाहीच. ज्याची सगळी अब्रू कानांवर उभी, त्याने कान गेले हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्यावर त्याने युक्त्या काढल्या होत्या. गाडी तयार झाली, की आधी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघायचं. 'कसं वाटतंय?' हे आपणच विचारायचं आणि समोरचा म्हणेल त्याला मान डोलवायची. शिवाय दारावर, टपावर तळहात ठेवून कुठे काय थरथरतंय ते चाचपायचं. दीड वर्ष हे निभावलं. हातच आता कानांचं काम करतात, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती, आणि मनातल्या मनात त्याला त्याचा थोडा गर्वही होता.

बायको मागच्या खोलीत सीट कव्हरं शिवायची. अलीकडे तिला एक नवीनच खोड लागली होती. गाडी तयार झाली, की ती चहा आणून त्याच्या हातात द्यायची आणि आपण दार लावून गाडीत बसायची. गाणी लावून चांगली पाच-दहा मिनिटं.

"स्वतःची गाडी झाली नाही, म्हणून लोकांच्या गाड्यांत हौस भागवतेस होय?" तो बाहेरून विचारायचा.

"पाय दुखतात हो शिलाईने. जरा टेकते," ती म्हणायची.

तो फुटपाथवर चहा प्यायचा आणि तिला बसू द्यायचा. बायकोची एवढीही हौस पुरवू नये, इतका काही तो कोत्या मनाचा नव्हता.

अशात दातांचे डॉक्टर आले. वय चाळिशीचं, उंची सहा फूट, आणि गाडी घेतली होती दोन सीटची, लाल, एवढीशी. त्यातून डॉक्टर उतरले, की ते कपाटातून बाहेर पडताहेत असं वाटायचं. मित्राच्या जीपमध्ये त्यांनी बारा इंची सबवूफर, खालचा ठोका घुमवणारा मोठा स्पीकर, ऐकला होता, आणि त्यांना तोच हवा होता.

"बसवतो की," कानसेन म्हणाला. "पण मग तुम्हाला गाडीच्या मागून चालत यावं लागेल."

डॉक्टर हसले, पण हेका सोडेनात. मग कानसेनने बुटांचा रिकामा खोका आणला आणि शेजारच्या सीटमागे घालून दाखवला. जेमतेम वीतभर जागा. डिकीत तर एक बॅग ठेवली की दुसरीला रजा. डॉक्टरांना दोन्ही सीटवर आळीपाळीने बसवून, पाय लांब करायला लावून, त्याने त्या खोक्याचा पुठ्ठा चारदा कापला. शेवटी ठरलं, पसरट आठ इंची आणि त्याच्या मापाची बंद पेटी.

"आठ इंच पुरतील का, काका?"

"डॉक्टर, तुमच्या दवाखान्याएवढ्या खोलीत लाउडस्पीकर लावतात का? ही गाडी म्हणजे डबा आहे. डब्यात आठही जास्तच होतात."

पेटीला दोन दिवस गेले. प्लायवूड कापलं, सांधे चिकटवले, आतून फटी बुजवल्या आणि वरून गाडीच्या अस्तरासारखंच काळं कापड ओढलं. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून जाड वायर पायाखालून मागे, अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली. हे काम बघत राहावं असं होतं. हाताला कुठेही घाई नव्हती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर वेळेआधीच हजर. ते स्टिअरिंगपाशी बसले, कानसेन शेजारी, एक हात मागे पेटीवर. बायको दोन कप घेऊन आली आणि दारापाशीच थांबली.

"ह्यात तर मला जागाच नाही," ती म्हणाली.

"दोनच सीट आहेत, काकू," डॉक्टर म्हणाले. त्यांनी उतरून चहा उभ्या उभ्या संपवला आणि दवाखान्याची वेळ झाली म्हणून गाडी घेऊन गेलेसुद्धा. ती कप हातात धरून रस्त्याकडे बघत राहिली. ह्या वयात बाई लाल गाडीवर भाळली, असं कानसेनला वाटलं आणि हसू आलं.

पाचव्या दिवशी लाल गाडी परत आली.

"काका, किरकिर येतेय. चष्म्याच्या डबीत माशी अडकावी तशी. मी दिवसभर बारीक आवाजात काम करतो, मला नाही सहन होत."

कानसेन शेजारच्या सीटवर बसला. डॉक्टरांनी फोनवरून पायरीपायरीने चढत जाणारा आवाज लावला, खडखड शोधायला लावतात तो. पेटी घुमू लागली. कानसेनने टपावर हात ठेवला, दारावर ठेवला, सीटच्या पाठीवर ठेवला. सगळंच थरथरत होतं.

"ऐकलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"ऐकलं की. ही काय, येतेय."

डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. "आत्ता नाही येत, काका. मघाशी येऊन गेली."

कानसेनने हात खाली घेतला. तीस वर्षांची पाटी डोक्यावर होती आणि खाली तो असा बसला होता, चोरी करताना धरल्यासारखा. त्याला फार लाज वाटली.

"अहो, तुम्ही जरा बाहेर या," बायको म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिच्या खांद्याला तिची पर्स होती.

तो उतरला. ती बसली, दार लावून घेतलं, डोळे मिटले. डॉक्टरांनी पुन्हा आवाज लावला. मिनिटभरात तिने बोट उचललं आणि खांद्यामागे, सीटबेल्टचा पट्टा जिथून बाहेर येतो, तिथल्या प्लास्टिकच्या झाकणावर टेकवलं. डॉक्टरांनी मान हलवली, हेच, हेच.

मग तिने पर्स उघडली. आतून नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चिकटपट्टीची गुंडाळी निघाली, अर्धीअधिक संपलेली. आणि निघाला पिवळ्या मुठीचा छोटा स्क्रू ड्रायव्हर.

तो स्क्रू ड्रायव्हर कानसेन वर्षभर शोधत होता. त्यापायी शेजारच्या टायरवाल्याशी त्याने अबोला धरला होता.

तिने झाकण काढलं, मागे पट्टी चिकटवली, स्क्रू आवळला. हात एकदाही अडखळला नाही. असं काम पहिल्यांदा करणाऱ्याचा हात तो नव्हता, हे कानसेनला काचेबाहेरूनही कळलं. सगळ्या गाड्या, सगळे चहाचे कप त्याला एकदम आठवले. ह्या एकाच गाडीत तिला बसायला जागा मिळाली नव्हती, आणि हीच एक परत आली होती.

डॉक्टर दोनदा गाणी ऐकून खुशीत गेले. दोघं फुटपाथवर उभे राहिले.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"बेल वाजली तरी तुम्ही उठेनासे झालात, तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही नाही बोललात, म्हणून मीही नाही बोलले."

तो आत गेला आणि उगाचच काउंटर पुसत बसला. संध्याकाळी टायरवाल्याकडे जाऊन त्याने माफी मागितली.

दोन दिवसांनी एका शाळामास्तरांची जुनी गाडी तयार झाली. मास्तर समोरच उभे होते. कानसेनने ह्या वेळी चहाची वाट बघितली नाही. त्याने गाडीचं दार उघडून धरलं आणि मागच्या खोलीकडे तोंड करून, मास्तरांना ऐकू जाईल अशी हाक मारली.

"अगं, ये. गाडी ऐकायची आहे. मला ऐकू येत नाही."