दसऱ्याची लिंबं

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले. निवृत्तीच्या पैशातून लगेच एक घेतलीही आणि तारनाक्यापासून सुलतान बाजारापर्यंत कुणाचीही मिनतवारी न करता हिंडू लागले. नवरा गेल्यावर मुलगी पुण्याला ये म्हणून हात धुऊन मागे लागली होती. शेवटी तिनं अट घातली, "तू गाडी चालवतेस तोवर राहा तिकडे एकटी. गाडी थांबली की इकडे यायचं." मी हो म्हटलं. गाडी थांबवायचा माझा कुठे विचार होता!

मग तिच्या बाळंतपणासाठी मला सात महिने पुण्याला राहावं लागणार होतं. उभी गाडी माणसासारखीच आखडते, हे मला ठाऊक होतं. धाकटा भाऊ आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो. त्याच्या हाती किल्ली देऊन मी त्याला सगळं पढवलं. दर रविवारी पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेव, आणि नुसतं उभ्या उभ्या नाही, गाडी चार हात पुढे-मागे कर, नाहीतर टायर एकाच जागी दबतात. हवा बघ. बॉनेट उघडून उंदीर शिरलेत का तेही बघ.

"हौ ताई, कित्ती सांगशील? मी हाय ना," तो म्हणाला.

दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. "ऐक," म्हणायचा आणि फोन बॉनेटपाशी धरायचा. मी स्पीकर लावायची. ती घरघर ऐकली की माझा जीव भांड्यात पडायचा. मुलगी शेजारीच बसलेली असायची, पुढे तिच्या मांडीवर बाळही आलं. "बघ आई, मामा किती करतो तुझ्यासाठी," असं ती म्हणायची आणि मला भरून यायचं.

दसऱ्याला मी फोनवरून पूजा सांगितली. हळद-कुंकू, झेंडूचा हार, चारी चाकांपुढे एकेक लिंबू, आणि मग गाडी पुढे घेऊन ती लिंबं चिरडायची. त्यानं फोटो पाठवला. हार घातलेली गाडी, चाकांपुढे पिवळीधमक लिंबं. तो फोटो मी सगळ्या नातेवाइकांना मिरवून दाखवला.

चैत्रात परत आले. बॅग लिफ्टपाशी टाकून आधी पार्किंगमध्ये गेले. गाडीवर बोटभर धूळ होती, टायर बसले होते. पुसायचं राहिलं असेल, म्हटलं. त्याची बाजू घ्यायची सवयच मला. मग वाकून पाहिलं. चारी चाकांपुढे चार लिंबं होती. वाळून काळी पडलेली, सुपारीएवढी झालेली, पण अख्खी. एकही चिरडलेलं नव्हतं.

नेहमीच्या मेकॅनिकला बोलावलं आणि माझ्याकडच्या दुसऱ्या किल्लीनं गाडी उघडून दिली. बॉनेटखाली उंदरांचं घर, वायरी कुरतडलेल्या, बॅटरी मेलेली. तोही खाली वाकून लिंबांकडे बघत म्हणाला, "अम्मा, ये गाडी दसरे से हिलीच नैं."

मग दर रविवारी मी कुणाचं इंजिन ऐकत होते?

भावाला त्याच्याकडची किल्ली घेऊन खाली बोलावलं. त्याची गाडी माझ्या गाडीला खेटूनच उभी असते. मी लिंबांकडे बोट दाखवलं, मग त्याच्या गाडीकडे.

"तुझी ऐकवलीस?"

"हौ," तो खाली बघत म्हणाला. "ताई, नक्को ना आता ही दगदग. तिकडंच सुखात होतीस."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. याच्यासाठी मी माझ्या पगारातून कॉलेजची फी भरली होती, आणि यानंच केसानं गळा कापावा! किल्ली त्याच्या हातातून हिसकावून घेतली आणि वर आले.

दार लावून मुलीला फोन लावला. तिच्याजवळ रडून मोकळं व्हावं, एवढंच मनात होतं.

"पोचले गं," म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आणि हे बघ आई, गाडी चालू होत नाही म्हणून डोक्यात राख घालून घेऊ नकोस. ठरल्याप्रमाणे आता इकडेच ये."

गाडीचं मी अजून अवाक्षरही काढलं नव्हतं.

"मामानं आत्ता कळवलं का तुला?"

"नाही गं. मीच त्याला सांगितलं होतं, गाडीला हात लावू नकोस म्हणून."

तो रविवारचा आवाज मी स्पीकरवर लावायची, आणि ती शेजारी बसून ऐकायची.