न संपलेली तक्रार

जळगावच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई, एखादी फाइल अडली की आधी ती पुटपुटत वाचतात. शेतीपंपांच्या तक्रारींच्या, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या प्रचंड फाइली आमच्याकडे येतात. त्या वाचणाऱ्या प्रोग्रामने, म्हणजे क्वेरी इंजिनने, एरर दिला की आम्ही सेटिंग बदलून पाहतो. बाई मात्र त्या ओळीपुढे मान कलती करून बसतात, कुणाचं तरी ऐकत असल्यासारख्या.

मागच्या उन्हाळ्यात एक फाइल सारखी अर्ध्यावर थांबायची. रकाने जुळत नाहीत, एवढंच इंजिन सांगायचं. दुपारी बाई म्हणाल्या, "हे बघ, याचं बोलणं संपलंच नाहीये."

पिंपळनेरच्या एका माणसाची जुनी तक्रार होती. लिहून घेणाऱ्याने सुरुवातीचं अवतरणचिन्ह दिलं होतं, शेवटचं राहिलं होतं. त्यामुळे पुढच्या गावांच्या तक्रारीही इंजिन त्याच्याच तोंडी घालत होतं.

"मग चिन्ह टाका ना," मी म्हटलं.

"त्याला न विचारता?" बाईंनी फोनचा स्पीकर लावून त्या ओळीतला नंबर फिरवला.

त्या काही बोलण्याआधीच पलीकडून आवाज आला, "हां अक्का, बोला. मी आठेच थांबेल शे."

तो इथेच थांबलाय म्हणतो, याचं बाईंना जराही नवल वाटलं नाही. "भाऊ, अजून काही सांगायचंय?"

पलीकडे वारा वाहत होता. मग तो म्हणाला, "नही. बठ्ठं सांगी टाकं."

सगळं सांगून झालं म्हटल्यावर बाईंनी चिन्ह टाकलं आणि फाइल शेवटपर्यंत वाचली गेली.

"तुम्ही बाई आहात हे त्याला कसं कळलं?" मी विचारलं.

"ज्यांचं बोलणं संपलेलं नसतं, ते सगळे असेच वाट बघत असतात," त्या म्हणाल्या. "तूही एकदा त्यातल्या कुणाला फोन लावून बघ."

मी अजून फोन लावलेला नाही.